कल्पना क्रमांक सत्तेचाळीस

अमेरिकेत हर्नडनला ओळखीतल्या काकांचं तळघर भाड्यानं मिळावं म्हणून मी ईमेल पाठवली, तेव्हा उत्तरादाखल तीन आक्षेप आले. पहिला, 'शांत स्वभावाची आहे' या विधानाला पुरावा जोडलेला नाही. दुसरा, 'स्वयंपाक मोजकाच करते' यातलं 'मोजका' म्हणजे किती, हे संदिग्ध आहे. तिसरा, 'स्वच्छतेची आवड' हा गुण याआधीच्या चारही अर्जदारांनी सांगितलेला असल्यामुळे त्यात नावीन्य नाही. आक्षेपांना उत्तर देण्याची मुदत, तीन महिने. मला पुढच्या सोमवारी नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. मी दुसरं घर शोधायला लागले, तर संध्याकाळी काकूंचा फोन.

"अगं, ते सगळ्यांना तसंच लिहितात. तू ये. आणि चादरी आणू नकोस, इथं ढीग पडलाय."

मी गेले ती साडेतीन वर्षं राहिले. माझ्या अर्जावर निर्णय मात्र शेवटपर्यंत झाला नाही. काकांच्या लेखी तो अजून विचाराधीनच असणार.

काका पेटंट तपासायच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले होते. कुणी म्हणालं, मी काहीतरी नवं शोधून काढलंय, की ते खरंच नवं आहे का हे बघायचं, हे त्यांचं काम. जगाच्या पाठीवर आधी कुणी ते केलेलं सापडलं, तर अर्ज परत. त्या आधी केलेल्या गोष्टीला त्यांच्या धंद्यात 'प्रायर आर्ट' म्हणतात. काकांनी तीस वर्षं दुसऱ्यांची प्रायर आर्ट शोधली आणि निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातून फक्त एक लाल पेन आणि ही सवय घरी आणली. लोक निवृत्तीनंतर टोमॅटो लावतात. काका शेजाऱ्यांच्या टोमॅटोंत नवं काय, हे विचारत फिरायचे.

"यात नवं काय?" हे त्यांचं पालुपद होतं. मला प्रमोशन मिळालं, पेढे घेऊन वर गेले, तर म्हणाले, "तुझ्या आधी त्या पोस्टवर कुणी होतं ना? मग यात नवं काय?" पेढा मात्र खाल्ला. माझ्या आईनं अकोल्याहून एका मुलाचा बायोडेटा पाठवला होता. त्यावर काकांनी लाल पेनानं लिहिलं, 'ट्रॅव्हल आणि म्युझिकची आवड. असा दावा गेल्या वर्षभरात या घरात आलेल्या अकराही मुलांनी केला आहे.' अकरावर मी हरकत घेतली, आठच होते. काकांनी फाइल काढून अकरा दाखवले. तीन आईनं परस्पर काकूंना पाठवले होते.

तिथल्या मराठी मंडळात त्यांना एकदाच पाककृती स्पर्धेचं परीक्षक केलं. एका हौशी बाईंनी पुरणपोळीचा टाको केला होता. हॉलमध्ये कौतुकाची लाट आली. काकांनी एक घास घेतला, रुमालानं तोंड पुसलं आणि माइकवर म्हणाले, "दुमडलेली पुरणपोळी आमच्या आजीच्या हातूनही तव्यावर व्हायची. चुकून व्हायची, म्हणून तिनं तिला नाव दिलं नाही." त्यानंतर मंडळानं काकांना परीक्षक केलं नाही. अध्यक्षांनी तर पार्किंगमध्येसुद्धा त्यांच्याशेजारी गाडी लावणं सोडलं.

घरातला एकुलता एक प्रिंटर माझ्या तळघरात होता. काका वर बसून बटण दाबायचे, खाली माझ्या डोक्याशी तो घरघरायला लागायचा, मग जिन्यावर चपलांचा आवाज, दारावर दोन टकटक, आणि प्रश्न, "काही आलं का?" दुसऱ्याचा कागद वाचायचा नाही, हा घराचा नियम होता. मी सॉफ्टवेअर टेस्टर. जिथं चूक असेल तिथं नाक खुपसणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी सगळे कागद वाचायचे.

त्या कागदांमुळेच मला काकूंच्या फाइलचा पत्ता लागला.

काकू सांगलीकडच्या. वडील खेड्यात पोस्टमास्तर. शिक्षण बी.ए.पर्यंत, पण हातात अशी कला की घरातली कुठलीही वस्तू दोन दिवसांत स्वतःचं काम सोडून दुसरंच करायला लागायची. सोऱ्याला बॅटरीवरचं ड्रिल लावून त्यांनी चार मिनिटांत किलोभर चकल्या पाडलेल्या मी पाहिल्या आहेत. वरच्या मजल्यावरून मळके कपडे तळघरात टाकायला भिंतीत एक नळकांडं होतं. त्यातून त्या दोरीला बांधून माझा डबा खाली सोडायच्या, आणि डबा पोचला की मी दोरीला दोन हिसके द्यायचे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी असं काहीतरी करून हौसेनं नवऱ्याला दाखवलं. नवऱ्यानं त्याची रीतसर तपासणी केली. तेव्हापासून काकूंच्या प्रत्येक कल्पनेला क्रमांक पडला आणि काकांच्या कपाटात 'घरगुती' नावाचा खण तयार झाला. मी राहायला आले तेव्हा त्यात सेहेचाळीस कागद होते. सेहेचाळीसही 'नामंजूर'.

"अहो काकू, तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं.

"पहिल्या पाचांना आला," काकू भाजी निवडत म्हणाल्या. मग देठं बाजूला सारून म्हणाल्या, "एकदा तरी हो म्हणावं गं माणसानं. खोटं नाही म्हणत मी. एकदा, खरंच आवडून."

मी गवारीच्या शेंगा मोडत बसले.

नामंजूर वस्तू घरात वापरायला बंदी नव्हती, हे काकांचं औदार्य. दोरीवरून डबा रोज उतरायचा. फक्त काका स्वतः ती वस्तू वापरायचे नाहीत. "मीच नाकारलेलं मीच वापरू?" असा त्यांचा प्रामाणिक सवाल असायचा. ड्रिलची चकली त्यांनी कधी खाल्ली नाही. हाताची वेगळी करावी लागायची. आणि याच तत्त्वापायी त्यांनी कल्पना क्रमांक बारा डोक्यावर घेतली नाही.

क्रमांक बारा ही टोपी होती. काका गोरेपान, घारे, धारदार नाकाचे. आपल्याकडे गोऱ्या रंगाचं जे कौतुक असतं, त्याचा काकूंच्या सासरी जरा अतिरेकच होता. स्थळ आलं तेव्हा मुलाचं शिक्षण दोन शब्दांत आणि वर्ण पाच ओळींत होता, असं काकू सांगायच्या. हा गोरा माणूस ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत भर उन्हात पाऊण तास चालायचा, डोक्यावर काही न घेता. म्हणून काकूंनी आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापून टोपीला कपाळापुढं येणारा लांबलचक पुढा लावला, मागं मानेवर कापड सोडलं. काकांचा निर्णय मी वाचलाय. 'टोपी अतिप्राचीन. मानेवरचं कापड वाळवंटातले लोक वापरत आले आहेत. दोन्ही एकत्र करणं कुणालाही सुचलं असतं. नामंजूर.' टोपी माळ्यावर गेली आणि काका पंचवीस उन्हाळे बोडक्यानं चालत राहिले.

मी राहायला आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांच्या नाकाच्या उजव्या पाकळीवर एक मोत्यासारखा चकचकीत ठिपका दिसायला लागला. काकांचं निदान, चष्मा घासतो. चष्मा तिथं पोचतच नव्हता, हे मी दाखवून दिलं. त्यांनी ते नोंदवून घेतलं. उन्हाळ्यात ठिपक्यावर खपली धरली. ती पडायची, पुन्हा धरायची. काकूंना टॉवेलवर रक्ताचे डाग दिसायला लागले. कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून त्यांची मुलगी रोज फोनवर म्हणायची, "डॅड, प्लीज, जस्ट गेट इट चेक्ड." काका म्हणायचे, पुरळ आहे, आंब्याचं. त्या वर्षी घरात आंबा आला नव्हता.

शेवटी डॉक्टरकडे त्यांना नेलं ते मंडळाच्या अध्यक्षांनी, तेही नकळत. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात अध्यक्ष नाकाकडे बघून म्हणाले, "अहो काही नसतं. आपल्या लोकांना स्किन कॅन्सर होतच नाही. हळद लावा." काकांच्या हातातली श्रीखंडाची वाटी थबकली.

"'होतच नाही' याला आधार काय?"

"आधार कशाला? सगळ्यांना माहितीये."

बाकी कुणी काहीही सांगितलं असतं तरी काका गेले नसते. पण 'सगळ्यांना माहितीये' हे ऐकल्यावर त्यांना राहवेना. सोमवारी सकाळी स्वतः फोन करून त्यांनी त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतली. तुकडा काढून तपासायला गेला. आठवड्यानं रिपोर्ट आला तेव्हा मी वर चहा घेत होते. काका कागद हातात धरून स्वयंपाकघरात आले, चेहऱ्यावर विजय.

"बेसल सेल कार्सिनोमा! अध्यक्ष चुकले!"

काकू खुर्चीवर बसल्या. हातातलं लाटणं तसंच होतं. मग काकांनाही जरा उशिरानं कळलं की आपण काय वाचून दाखवलं.

हा कॅन्सर सहसा जीव घेत नाही, पण राहू दिला तर जागा खात जातो, असं डॉक्टरांनी सांगितलं. काढायचाच होता. काकू गाडी चालवायच्या ती इंडियन ग्रोसरी आणि देऊळ एवढीच, म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी मी सुट्टी टाकली. तिथल्या बाहेरच्या खोलीत सगळे म्हातारे गोरे, कुणाच्या कानाला पट्टी, कुणाच्या ओठाला. त्यात काका एकटेच आपले. ती मंडळी त्यांच्याकडं जरा कुतूहलानं बघत होती. काकांनी शेजारच्या आजोबांना विचारून घेतलं, तुम्ही टोपी घालायचात का. ते म्हणाले, कधीच नाही. काकांनी मान डोलावली.

सर्जन बाई चाळिशीच्या, बारीक चणीच्या. त्यांनी पद्धत समजावली. एक पातळ थर काढायचा, तो लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कडेला कुठंही रोग दिसला तर पेशंटला पुन्हा आत बोलवायचं, नेमक्या तिथलाच आणखी थर काढायचा. कडा पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत हेच.

"म्हणजे सगळं तपासल्याशिवाय तुम्ही मंजूर करत नाही?" काकांनी विचारलं.

"नाही. एक पेशी राहिली तरी नाही."

काकांनी त्यांच्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी त्या घरात तोवर पाहिली नव्हती. काकूंनीही नसावी, कारण त्यांनी मला कोपर मारलं.

पहिला थर काढून काका पट्टी लावून बाहेर आले. तासाभरानं पुन्हा बोलावणं. "अजून आहे म्हणतात," काका खुशीत म्हणाले. दुसऱ्या वेळी पट्टी मोठी झाली होती. पुन्हा बोलावणं. "बघितलंस? सोडत नाहीत! आमच्या ऑफिसात असे दोनच होते." नाक जात होतं आणि हे गृहस्थ तपासणीच्या दर्जावर खूश होते. मला हसू येत होतं आणि काकूंकडं बघायचं धाडस होत नव्हतं. त्यांनी पर्समधलं स्तोत्रांचं पुस्तक काढलं होतं, आणि सगळा वेळ एकच पान उघडं होतं.

तिसऱ्या फेरीनंतर कडा स्वच्छ आल्या. पट्टी बांधायच्या आधी काकांनी आरसा मागितला. उजवी पाकळी नव्हती. टोकही अर्धं गेलं होतं. त्यांनी आरसा बाईंच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "काम चोख आहे." घरी येईपर्यंत पुढं एक शब्द नाही. एरवी ते रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर आक्षेप घ्यायचे.

दोन दिवसांनी नाक नव्यानं घडवणाऱ्या सर्जनकडं गेलो. हे उंच, हसरे गृहस्थ. त्यांनी कागदावर चित्र काढलं. कपाळावरची कातडीची एक पट्टी सोडवायची, भुवईजवळ ती जोडलेलीच ठेवायची म्हणजे रक्त चालू राहील, आणि खाली वळवून नाकावर शिवायची. आत आधाराला कानातली थोडी कूर्चा. तीन आठवड्यांत नाकाकडची कातडी स्वतः तग धरते, मग मधला दांडा कापून टाकायचा. तोवर भुवईपासून नाकापर्यंत तो दांडा तसाच दिसणार.

"कपाळ कपाळाच्या जागी असतं, नाक नाकाच्या," काका म्हणाले. "एकाचं दुसऱ्याला लावायचं, हा प्रयोग तुम्ही माझ्यावर का करताय?"

"प्रयोग नाही," सर्जन म्हणाले. "फार जुनी पद्धत आहे. खरं तर तुमच्याच देशातून आली. आम्ही तिला इंडियन फ्लॅप म्हणतो."

"म्हणजे यात नवं काही नाही?"

"काहीही नाही."

"मग ठीक आहे," म्हणत काकांनी सही केली. नवं नाही म्हणून काकांनी एखादी गोष्ट पत्करली, असं माझ्यादेखत एकदाच घडलं.

ही बातमी मंडळात पोचली आणि अध्यक्षांचा ग्रुपवर लांबलचक मेसेज आला, आपल्या पूर्वजांनी जगाला नाक दिलं वगैरे. त्याखाली चाळीस नमस्कार. काकांनी मला उत्तर टाइप करायला सांगितलं, 'तुमच्या पूर्वजांपैकी नेमकं कुणी? नाव, गाव, पुरावा पाठवावा.' मी ते पाठवलं. ग्रुप दोन दिवस शांत होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. दिसायला मात्र ते कठीण होतं, उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही. दोन डोळ्यांच्या मधून करंगळीएवढा मांसाचा पिळलेला दांडा उतरलेला, कपाळावर उभी शिवण, कानावर बोळा. मुलीनं व्हिडिओ कॉल केला. "ओ माय गॉड, डॅड! आय मीन, यू लुक फाइन."

"हे परस्परविरोधी दावे आहेत," काका म्हणाले. त्यानंतर तीन दिवस ते फारसं काही बोललेच नाहीत.

कारण असं की त्यांना चष्मा लावता येईना. चष्मा नाकावर बसतो, आणि नाक तर बांधकामाखाली. नंबर उणे सात. चष्म्याशिवाय त्यांना वाटीतली आमटी आहे की ताक, हे कळायचं नाही. तीस वर्षं वाचून नाही म्हणणारा माणूस वाचूच शकेना. ते खिडकीशी बसून राहायचे. मान मागं टेकून, डोळे मिटून. मधूनच कपाळाला हात न्यायचे. नव्या नाकाला काही लागलं की ते कपाळाला लागल्यासारखं वाटतं, असं म्हणायचे, पण तेही कुतूहल नसलेल्या आवाजात.

चौथ्या दिवशी डबा दोरीवरून आला नाही. काकू स्वतः घेऊन खाली उतरल्या आणि माझ्या पलंगावर बसल्या.

"काल वांग्याचं भरीत केलं, परवाही वांगंच होतं. तर म्हणाले, बरं झालंय." काकूंचे डोळे भरले होते. "आज विचारलं, काय करू. म्हणाले, काहीही. चार दिवसांत एकदाही 'यात नवं काय' म्हणाले नाहीत गं. मला भीती वाटते."

मलाही वाटली. इतकी वर्षं आम्ही दोघी ज्या वाक्यावर चिडत होतो, त्याच्याशिवाय ते घर कुणा परक्याचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळपासून वर खुडबुड चाललेली. अकराच्या सुमाराला काकूंनी मला हाक मारली. त्यांनी माळ्यावरून क्रमांक बारा काढली होती. आइस्क्रीमच्या झाकणाच्या पुढ्याला दोन भोकं पाडून त्यातून दोरे ओवले होते. चष्म्याच्या काड्या काढून टाकून नुसत्या काचा त्या दोऱ्यांना लटकत होत्या. दोन्ही दोरे शर्टाच्या एका मोठ्या गुंडीतून घेतले होते. गुंडी वर सरकवली की काचा वर, खाली केली की खाली. नाकाला, कानाला, कशालाही स्पर्श नाही. सोबत एक कागद होता. खूप वर्षांनी काकूंनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला होता, 'कल्पना क्रमांक सत्तेचाळीस.'

काकांनी हातानं टोपी चाचपली.

"ही बारा आहे. मी नाकारलेली आहे."

"वापरा कुठं म्हणतेय मी?" काकू म्हणाल्या. "तपासा. तपासायला घालावी लागेलच ना?"

काकांनी बोटांनी दोरे ओढून पाहिले. मग "तपासण्यापुरती," असं बजावून त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली. काकूंनी गुंडी सरकवली. काचा डोळ्यांसमोर आल्या. काकांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडं, मग अर्जाकडं. खिशाला हात गेला. लाल पेन तिथंच होतं.

"'अत्यंत सोयीस्कर' म्हणजे काय?" काका म्हणाले. "हे संदिग्ध आहे."

काकू वळून सिंककडं गेल्या आणि उगाचच नळ सोडला.

त्यानंतर दोन आठवडे काकांनी ती टोपी झोपेपुरतीच उतरवली. त्यांनी शोध सुरू केला होता. सकाळी आठला संगणकापुढं बसायचे, ते जुने चष्मे, टोप्या, दुर्बिणी, खाण कामगारांचे दिवे, सगळ्याची पेटंटं उपसत. काकूंच्या टोपीत आक्षेपार्ह काय आहे हे काकूंच्याच टोपीतून बघत होते, आणि यात काही विनोदी आहे असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. खिचडीत नवं काय, हा प्रश्न परत आला. पोस्टमनला त्यांनी दारातच थांबवून टोपी दाखवली आणि अशी आधी कुठं पाहिली आहे का, हे विचारलं. पोस्टमननं त्यांच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता नाही म्हटलं. काका स्वतः दारापर्यंत गेले, हे काकूंनी मला तीनदा सांगितलं.

दांडा कापायच्या आदल्या दिवशी मी घरून काम करत होते. दुपारी प्रिंटर घरघरला. एकच पान. मी सवयीनं उचललं.

जुनं रेखाचित्र होतं. हॅट घातलेला एक मिशीवाला माणूस, बाजूनं काढलेला. हॅटच्या काठाला दोन दोऱ्या, दोऱ्यांना काचा, आणि दोऱ्यांवर वरखाली सरकणारा एक मणी. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ज्यांच्या नाकाला इजा आहे त्यांना हे विशेष उपयोगी. सगळं जसंच्या तसं. गुंडीऐवजी मणी, एवढाच फरक.

कागद लपवावा असं मनात आलं. पण जिन्यावर चपला वाजल्याच.

दोन टकटक. "काही आलं का?"

मी कागद दिला. काकांनी गुंडी खाली सरकवली, काचा नीट केल्या आणि उभ्यानं ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. वर काकू काहीतरी कुटत होत्या, त्याचा आवाज नळकांड्यातून येत होता. ज्या माणसानं आजीच्या पोळीलाही सवलत दिली नव्हती, तो आता काय करणार हे मला ठाऊक होतं.

"ते कागद फाडायचं यंत्र चालू आहे ना?" काकांनी विचारलं.

"श्रेडर? हो, पण..."

त्यांनी स्वतः वाकून पान त्यात सारलं. शेवटची पट्टी आत जाईपर्यंत उभे राहिले.

"काका, पण त्यात तर..."

"कशात?" त्यांनी टांगलेल्या काचांमधून माझ्याकडं पाहिलं. "तुझ्याकडे काही कागद आहे?"

"नाही."

"मग पुराव्याशिवाय बोलू नये."

आणि ते वर गेले. पाच मिनिटांनी प्रिंटर पुन्हा सुरू झाला. मी तेही पान वाचलं. 'कल्पना क्रमांक सत्तेचाळीस. सखोल शोध घेतला. बाधक असे काही आढळले नाही. मंजूर.' ती छापील अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर जरा धूसर झाली. ते न्यायला काका आले नाहीत. मीच दोरीला बांधून, दोन हिसके देऊन वर पाठवलं.

काकूंनी ते सिंकपाशी उभ्यानं वाचलं, असं काकांनी मला नंतर सांगितलं. हात दोनदा पुसले आणि विचारलं, "चहा टाकू?" काका म्हणाले, "टाक." एवढंच. संध्याकाळी मी वर गेले तेव्हा कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली लागला होता, बरोबर मधोमध, मुलीचे, नातीचे सगळे फोटो कडेला सारून.

दुसऱ्या दिवशी दांडा कापला. नाक हळूहळू नाकासारखं झालं, जरा जाड, जरा वेगळ्या रंगाचं, पण चष्मा पेलणारं. अध्यक्ष दिवाळीला म्हणाले, "वा, अगदी पहिल्यासारखं!" काकांनी त्यांना पहिल्या नाकाचा फोटो दाखवून चार फरक सांगितले. फिरायला मात्र ते आता क्रमांक बारा घालून जायला लागले. सत्तेचाळीस मंजूर झाल्यावर बाराही तिचाच भाग ठरते, असा त्यांनी खुलासा केला. कुणी मागितला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात माझी नोकरी बदलली आणि घर सोडायची वेळ आली. निघायच्या सकाळी काका बाहेर माझ्या गाडीत सामान लावण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेत होते. काकू स्वयंपाकघरात मला लाडू बांधून देत होत्या. फ्रिजवरचा कागद अजून तिथंच होता, कडा जरा पिवळ्या पडलेल्या. मला वाटलं, जाता जाता एक चांगलं वाक्य बोलावं.

"काकू, तुमची ती टोपीची आयडिया खरंच भारी होती हं."

"माझी कसली?" काकू हसल्या. "आमच्या दादांची, माझ्या वडलांची. दर उन्हाळ्यात त्यांच्या नाकावर गळू यायचं. मग टोपीला दोऱ्यानं चष्मा टांगून टपाल वाचत बसायचे पोस्टात. सगळं गाव हसायचं. ती गुंडीसुद्धा त्यांचीच."

मी लाडवांचा डबा हातात धरून उभी राहिले. काकूंनी खिडकीतून बाहेर नजर टाकली. काका माझी बॅग काढून दुसऱ्यांदा लावत होते. मग त्या माझ्याजवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणला.

"त्यांना सांगू नकोस हं. पुन्हा नामंजूर करतील."